स्वेटर, थर्मोस्टॅट आणि माळ्यावरची फट : १९७३नंतर हिवाळ्याची तयारी कशी बदलली?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे हिवाळा. म्हणजे खरं सांगायचं तर घर, हिवाळा आणि दर महिन्याला येणारं बिल.

आपले बरेच श्रोते न्यू जर्सीत आहेत, टोरोंटोत आहेत, लंडनच्या आसपास आहेत. तिकडे ऑक्टोबर उजाडला की घराघरात एकच चर्चा सुरू होते. हीटिंग कधी चालू करायचं, किती अंशांवर ठेवायचं, आणि बिल कसं आटोक्यात आणायचं? आपल्याकडे कोकणात मे महिन्यात घर शाकारायची जी लगबग असते ना, पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, तशीच ही थंड देशांतली लगबग. फरक इतकाच की कौल फुटलं तर पाणी डोक्यावर गळतं आणि लगेच कळतं. घरातली ऊब गळते तेव्हा काहीच दिसत नाही. कळतं ते महिनाअखेरीला.

आणि हेच आजच्या गोष्टीचं मर्म आहे. ऊब नेमकी कुठून गळते, हे पन्नास वर्षांपूर्वी तज्ज्ञांनाही नीट माहीत नव्हतं. ते कसं कळलं आणि कळेपर्यंत लोकांना काय काय सांगितलं गेलं, याची ही गोष्ट.

स्वस्त तेलाच्या काळातली घरं

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत घरबांधणीचा धडाका लागला. शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटटाउन १९४७ साली सुरू झाली, ती यातली सगळ्यात गाजलेली. घर झटपट बांधायचं, स्वस्तात विकायचं, आणि हिवाळ्याची काळजी तळघरातल्या किंवा कोपऱ्यातल्या भट्टीवर सोपवायची, असा सगळा मामला होता. भिंतीत उष्णता अडवणारा थर घातला तर घातला, नाही तर नाही. इंधन इतकं स्वस्त होतं की भिंतीवर पैसे घालण्यापेक्षा भट्टी मोठी बसवणं परवडायचं.

१९७०च्या सुमारास अमेरिकेतली निम्म्याहून जास्त घरं नैसर्गिक वायूवर तापत होती, आणि ईशान्येकडच्या थंड राज्यांत बरीचशी तेलावर. ही व्यवस्था एकाच गृहीतकावर उभी होती. इंधन असंच मिळत राहणार!

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देश आणि इस्राएल यांच्यात युद्ध पेटलं. इस्राएलला मदत केली म्हणून अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. तेव्हा पिंपाला साधारण तीन डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४मध्ये अकरा डॉलरच्या वर गेला. आणि हे सगळं घडलं नेमकं हिवाळ्याच्या तोंडावर.

सरकार म्हणालं : थोडं कुडकुडा

७ नोव्हेंबर १९७३. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन टीव्हीवर आले. त्यांनी लोकांना सांगितलं की घरातला थर्मोस्टॅट निदान सहा अंश खाली आणा, दिवसा सरासरी ६८ अंश फॅरनहाइट ठेवा. म्हणजे आपले २० अंश सेल्सिअस. वर गमतीने असंही म्हणाले, की माझे डॉक्टर सांगतात इतक्याच तापमानात तब्येत जास्त चांगली राहते!

मार्च १९७४मध्ये तेलबंदी उठली, पण भाव काही खाली आले नाहीत. मग आला १९७७चा जानेवारी. अमेरिकेच्या पूर्व भागात अशी थंडी पडली की सिनसिनाटीजवळ ओहायो नदी गोठली. १९ जानेवारीला तर चक्क मायामीत हिमकण पडले. नैसर्गिक वायूचा तुटवडा झाला, कारखाने बंद पडले, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. जिमी कार्टर त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष झाले होते. २ फेब्रुवारीला ते टीव्हीवर आले ते शेकोटीसमोर बसून, अंगात लोकरी स्वेटर घालून. त्यांनी दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवायला सांगितलं. सेल्सिअसमध्ये साधारण १८ आणि १३.

त्या स्वेटरचं कौतुक झालं आणि टिंगलही झाली. पण दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या बोलण्यात एक समान धागा होता. घर जसं आहे तसं आहे, माणसाने आपली सवय बदलावी. बचत म्हणजे त्याग, म्हणजे थोडं सोसणं. आता संकटाच्या चार आठवड्यांत दुसरं काय सांगणार, हेही खरंच. आज सांगितलं की आज रात्री खाली येते अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे थर्मोस्टॅटची कळ.

पण १३ अंशांत झोपणं धडधाकट माणसाला जमेल. घरात तान्हं मूल असेल, सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर? आणि ज्याच्या घरात आधीच वारा शिरतोय, त्याने अजून किती खाली यायचं? या प्रश्नांची उत्तरं टीव्हीवरच्या भाषणात नव्हती. ती शोधायचं काम दुसरीकडे सुरू झालं होतं, न्यू जर्सीतल्या एका साध्या वसाहतीत.

ट्विन रिव्हर्स : सारखी घरं, वेगळी बिलं

प्रिन्स्टन विद्यापीठापासून थोड्या अंतरावर ईस्ट विंडसर नावाची वस्ती आहे. आपल्या न्यू जर्सीच्या श्रोत्यांना ती चांगलीच माहीत असेल. तिथे ट्विन रिव्हर्स नावाची नियोजित वसाहत नुकतीच उभी राहत होती. एकाला एक लागून घरं, दोन मजले, खाली तळघर, वायूवर चालणारी भट्टी. १९७२ साली, म्हणजे तेलसंकटाच्याही आधी, प्रिन्स्टनच्या संशोधकांनी या वसाहतीचा अभ्यास सुरू केला. रॉबर्ट सोकोलो, डेव्हिड हॅर्जे ही त्यातली महत्त्वाची नावं.

वसाहत निवडली त्यामागे कारण होतं. घरं एकसारखी, नकाशा एकच, भट्टी एकच, हवामान एकच. मग बिलं पण सारखीच यायला हवीत ना? नाही आली. अगदी एकसारख्या घरांत वायूचा वापर एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट निघाला. कुटुंब बदललं की त्याच घराचा आकडाही बदलायचा. तेव्हा राहणाऱ्याच्या सवयींनी फरक पडतो, हे सिद्ध झालं. निक्सन आणि कार्टर अगदीच चूक नव्हते.

पण संशोधकांना दुसरंही एक कोडं पडलं होतं, आणि ते होतं माळ्यावर.

माळ्यावरचं कोडं

अमेरिकन घरात छपराखाली रिकामा पोटमाळा असतो. त्याच्या तळाशी काचतंतूंच्या गाद्या अंथरतात, म्हणजे खालच्या खोलीतली ऊब वर जाऊ नये. किती जाडीची गादी, तर किती उष्णता वर जाईल, याचं साधं गणित असतं. ते गणित मांडलं. मग प्रत्यक्ष मोजलं. आणि मोजलेला आकडा गणिताच्या कित्येक पट निघाला! गादी तर जागच्या जागी होती. मग ऊब कुठून जात होती?

जान बेया, गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. उत्तर सापडलं ते असं, की ऊब गादीतून जातच नव्हती, ती गादीला वळसा घालून जात होती. भट्टीचं धुराडं तळघरातून थेट छपरापर्यंत जायचं, आणि त्याच्याभोवती पोकळ जागा सोडलेली असायची. ती पोकळी वर माळ्यात उघडी. दोन घरांमधली सामाईक भिंत पोकळ ठोकळ्यांची होती, आणि त्या पोकळ्यांतूनही गरम हवा वर चढायची. विजेच्या तारांसाठी, नळांसाठी पाडलेली भोकं होतीच. खोलीत उभं राहून यातलं काहीही दिसत नाही. बांधणाऱ्याने ते लपवलंही नव्हतं. तिकडे बघायची गरजच कोणाला वाटली नव्हती.

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. हिवाळ्यात अख्खं घरच एखाद्या मोठ्या धुराड्यासारखं वागतं. वरच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते, आणि तितकीच थंड हवा खालच्या फटींतून, तळघरातून, दाराखालून आत ओढली जाते. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी ही ओढ जास्त. त्यामुळे पायाला गार वारा लागतो तेव्हा आपण दाराखाली पायपुसणं सरकवतो, पण त्या वाऱ्याला ओढणारं भोक वर माळ्यावर असतं.

आणि गादीचं काय? तर, थंडीच्या दिवसात पहाटे स्कूटर चालवलीय कधी? नुसता स्वेटर घातला तर वारा आरपार जातो. म्हणून आपली माणसं स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र खोचतात. वर्तमानपत्राची जाडी ती काय, पण ते वारा अडवतं, आणि मग स्वेटर आपलं काम करू शकतो. काचतंतूंची गादी हा घराचा स्वेटर. ट्विन रिव्हर्सच्या घरांना वर्तमानपत्रच नव्हतं!

मग संशोधकांनी एक घर घेतलं आणि त्यात जे जे करता येईल ते केलं. फटी बुजवल्या, माळ्यावर थर वाढवला, तळघराकडे लक्ष दिलं, खिडक्या सुधारल्या. फ्रँक सिंडन यांनी १९७८मध्ये याचा निकाल प्रसिद्ध केला. घर तापवायला लागणारी ऊर्जा दोन-तृतीयांशांनी कमी झाली होती. घर तेच, भट्टी तीच, आणि राहणाऱ्यांना कुडकुडायला लागलं नाही. निक्सनचे सहा अंश सोसून कोणाचीही एवढी बचत झाली नसती.

दारात बसवलेला पंखा

आता प्रश्न असा, की प्रत्येक घराच्या फटी वेगळ्या. त्या शोधायच्या कशा?

याचं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे खिडकीत मोठा पंखा बसवून घराची हवाबंदी तपासायचं तंत्र वापरात आलं होतं. १९७९मध्ये तिथल्या एका संशोधकाने ते प्रिन्स्टनला आणलं, आणि तिथे पंखा खिडकीतून दारात आला. पद्धत सोपी आहे. घराच्या मुख्य दारात पडदा लावून त्यात पंखा बसवायचा, बाकी दारं-खिडक्या बंद करायच्या, आणि पंख्याने घरातली हवा बाहेर फेकायची. आत दाब कमी झाला की प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत घुसते. हात फिरवला की कळतं. धुराची कांडी धरली की दिसतं. सोबत उष्णता दाखवणारा कॅमेरा असेल तर भिंतीवर गार पट्टे उमटलेले दिसतात. पंख्याला किती हवा खेचावी लागली, यावरून घर एकूण किती गळतं याचा आकडाही मिळतो.

प्रिन्स्टनच्या मंडळींनी यातून एक नवीन पेशाच उभा केला. त्यांना ते ‘घराचे डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर येणार, पंखा लावणार, तपासणार, आणि जमतील त्या फटी त्याच भेटीत बुजवून जाणार. आज अमेरिकेत एनर्जी ऑडिट म्हणून जे होतं, त्याची मुळं इथे आहेत.

रिजायनाचं घर

याच काळात उत्तरेला कॅनडात वेगळा प्रयोग झाला. सस्कॅचेवान प्रांतात रिजायना नावाचं शहर आहे, जिथे पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरू शकतो. तिथे १९७७मध्ये एक नमुना-घर बांधलं गेलं. हॅरल्ड ऑर, रॉब ड्युमाँट ही त्यातली ठळक नावं. सरकारची अपेक्षा होती सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या घराची. पण या मंडळींनी हिशेब मांडला आणि म्हणाले, आधी गळती थांबवू. बारा इंच जाडीच्या भिंती, छतात त्याहून जाड थर, आत सलग प्लास्टिकचा पडदा, आणि प्रत्येक सांधा नीट बंद केलेला. घरात नेहमीची भट्टीच नव्हती!

मजा बघा. घरावर सौर-संग्राहकही बसवले होते. खर्चिक, दिसायला देखणे, बघायला येणाऱ्यांच्या आधी नजरेत भरणारे. पुढे दुखणं निघालं ते त्यांचंच. ते टिकले नाहीत. भिंतीच्या आतलं जे कोणाला दिसत नव्हतं, ते मात्र वर्षानुवर्षं निमूटपणे काम करत राहिलं.

जवळजवळ हीच गोष्ट व्हाइट हाउसच्या छपरावर घडली. कार्टर यांनी १९७९मध्ये तिथे पाणी तापवणारे ३२ सौर-संग्राहक बसवले, आणि रेगन यांच्या काळात, १९८६मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी ते उतरवले, ते परत काही चढवले नाहीत. दिसणारी गोष्ट राजकारणात लवकर वर चढते आणि लवकर खाली येते.

रिजायनाच्या घराचा वारसा मात्र पुढे गेला. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१मध्ये वोल्फगांग फाइस्ट यांचं पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं. त्या पद्धतीत घर तापवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ किलोवॅट-तासच लागायला हवेत, असा दंडक आहे. फाइस्ट यांनी ज्या आधीच्या प्रयोगांचा आधार घेतला, त्यात हे कॅनडातलं घर होतं.

बंद घराची किंमत

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. घाईत बंद केलेल्या घरांनी माणसांना त्रासही दिला.

कॅनडात १९७७पासून सरकारी अनुदान मिळायला लागलं, आणि हजारो घरांच्या पोकळ भिंतींत एक रासायनिक फेस भरला गेला. यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा. झटपट काम, फारशी तोडफोड नाही. पण त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटायचा. डोळे चुरचुरणं, श्वासाचा त्रास अशा तक्रारी वाढल्या, आणि डिसेंबर १९८०मध्ये कॅनडाने त्यावर बंदी घातली. ज्यांनी सरकारचंच ऐकून भिंती भरून घेतल्या होत्या, त्यांच्या घराची किंमत पडली, आणि फेस काढून घ्यायचा खर्च डोक्यावर आला तो वेगळाच.

दुसरा धोका भट्टीचा. भट्टी जळायला हवा लागते आणि धूर बाहेर जायला वाट लागते. घर घट्ट बंद केलं, आणि वर स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतोय, तर धुराड्यातून धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ना वास, ना रंग. तो झोपेतच जीव घेतो.

तिसरा धोका रेडॉनचा. १९८४मध्ये पेनसिल्व्हेनियात एका अणुऊर्जा केंद्रातला कर्मचारी कामावर आला की किरणोत्साराचा इशारा वाजायचा. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं. शोध घेतला तर किरणोत्सार त्याच्या घरातून येत होता! जमिनीखालच्या खडकातून निघणारा रेडॉन वायू तळघरात साठला होता. घर बंद केल्याने रेडॉन तयार होत नाही, तो जमिनीतच असतो. पण मघाशी सांगितलं ना, हिवाळ्यात घर खालून हवा ओढतं, ती ओढ जमिनीतला वायूही आत आणते.

यातून शहाणपण आलं ते असं : फटी बुजवायच्या, पण ताज्या हवेची सोय आपण ठरवून करायची. रिजायनाच्या घरात ती होती. बाहेर जाणाऱ्या गरम हवेची ऊब आत येणाऱ्या थंड हवेला देणारं उपकरण तिथे बसवलेलं होतं. ऊब परत मिळते आणि कोंदट हवा जाते.

भाडेकरूचं काय?

आणखी एक प्रश्न पहिल्यापासून होता. घर दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि बिलाचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला. घर भाड्याचं असेल तर आणखी पेच. भिंत मालकाची, बिल भाडेकरूचं. मालकाने खर्च का करावा?

तेलसंकटानंतर मेनसारख्या थंड राज्यांत स्थानिक संस्थांनी गरिबांच्या खिडक्यांवर प्लास्टिक लावायला, दारांच्या फटी बंद करायला सुरुवात केली. १९७६च्या कायद्याने याला केंद्र सरकारचा कार्यक्रम केलं. सुरुवातीचं काम तात्पुरतंच होतं, एका हिवाळ्यापुरतं प्लास्टिक. पण पुढे तोच दारातला पंखा, तीच मोजणी या कार्यक्रमात आली, आणि काम माळ्यापर्यंत, तळघरापर्यंत पोचलं. आजवर ७० लाखांहून जास्त कुटुंबांची घरं यातून सुधारली आहेत. टीव्हीवरच्या भाषणाइतकी त्याची चर्चा कधी झाली नाही.

मग आज काय करायचं?

२०२२मध्ये रशियाचा वायू आटला तेव्हा जर्मनीने सार्वजनिक इमारतींत १९ अंशांची मर्यादा घातली. पन्नास वर्षं झाली, तरी संकट आलं की पहिला हात थर्मोस्टॅटलाच जातो. तो जाणारच. पण तिथेच थांबलं तर दर संकटात पुन्हा तेच सोसावं लागतं, आणि सगळ्यात जास्त सोसतो तो गळक्या घरातला माणूस.

थंड देशात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी या इतिहासातून कामांचा क्रम सरळ निघतो. आधी वर बघा : माळ्याचं झाकण घट्ट बसतं का, धुराड्याभोवती, तारांभोवती, नळांभोवती मोकळी जागा आहे का? धुराड्याजवळ न जळणारंच साहित्य लागतं, त्यामुळे ते काम जाणकाराकडून करून घ्या. मग खाली, तळघरात, जिथे लाकडी सांगाडा पायावर टेकतो तिथल्या फटी. मग माळ्यावरचा थर. खिडक्या बदलणं सगळ्यात शेवटी, कारण खर्च सगळ्यात जास्त तिथेच होतो. खिडकीसाठी तूर्त चौकटीच्या कडेची पट्टी आणि थोडी लांबी पुरते. बऱ्याच ठिकाणी वीज किंवा गॅस कंपनीमार्फत स्वस्तात तपासणी होते, विचारून बघा. दारात पंखा लावून तपासणार असतील तरच ती तपासणी खरी. भाड्याच्या घरात असाल तर त्या तपासणीचा कागद मालकासमोर ठेवा. तोंडी तक्रारीपेक्षा आकड्याला वजन असतं. आणि फटी बुजवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र घरात हवंच, रेडॉनची चाचणीही करून घ्या.

एवढं झालं की मग स्वेटर घाला आणि थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणा. तेव्हा ते सोसणं वाटणार नाही.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या घराच्या माळ्यावर काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा.